१३+ कशामुळे? आकड्याखालची बारीक ओळ वाचा

जर्मनीत चित्रपटांना ०, ६, १२, १६ आणि १८ असे वयोगट लावतात. भारतात २०२१च्या नियमांनी ओटीटीसाठी ७+, १३+, १६+ आणि 'फक्त प्रौढांसाठी' अशा पायऱ्या आणल्या. देश वेगळे, पण आकडे सहा-सात, बारा-तेरा आणि सोळाच्या आसपासच घुटमळतात. मुलांची भीती वयानुसार कशी पालटते ते पाहिले, की या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

चार वर्षांचे मूल जे दिसते त्याला घाबरते: सुळे, विद्रूप चेहरा, अचानक चढलेला आवाज. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात मुलांना एका मालिकेचा भाग दाखवला. त्यात सज्जन नायकाचा हिरवा राक्षस होतो आणि तो संकटातल्या माणसाला वाचवतो. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वाधिक घाबरली ती राक्षस आल्यावर. नऊ ते अकरा वर्षांची मुले मात्र तो येण्याआधी, माणूस संकटात असताना धास्तावली. या वयात राक्षसाचे फारसे काही वाटत नाही. अपहरण किंवा घरात घुसलेला चोर झोप उडवतो, कारण तसे खरोखर घडू शकते.

म्हणून नुसता आकडा पुरत नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत कारण दिलेले असते, तेच जास्त कामाचे. शिव्यांमुळे मिळालेले १३+ आणि मारहाणीमुळे मिळालेले १३+ सारखे नव्हेत. घरातल्या वस्तूंनी केलेली, मुलाला करून पाहता येईल अशी हिंसा तर लहानग्यांसाठी तलवारबाजीपेक्षा घातक.

आता ओटीटी ॲपमधले कुलूप. मुलाच्या प्रोफाइलला वयोमर्यादा लावून बहुतेक पालक थांबतात आणि शेजारचे मोठ्यांचे प्रोफाइल उघडेच राहते. पिन लागतो तो त्याला. नवे प्रोफाइल बनवायलाही पिन लावण्याची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर मूल अर्ध्या मिनिटात बिनमर्यादेचे प्रोफाइल बनवते. पिन शक्यतो मोबाइलवरून किंवा ब्राउझरमधून ठरवा. टीव्हीवर रिमोटने टाकताना निवडीची चौकट एकेका आकड्यावर सरकते आणि सोफ्यावरचा प्रेक्षक ते चारही आकडे टिपतो. मोठ्यांच्या प्रोफाइलवर आपोआप सुरू होणाऱ्या झलका बंद करा. सोबत बसलेल्या मुलाला त्यातही रक्तपात दिसतो. आणि हे सगळे प्रत्येक ॲपमध्ये वेगळे करावे लागते, एकाचे कुलूप दुसऱ्याला लागत नाही.

एवढे करूनही मुलाने नको ते पाहिलेच, तर पाच वर्षांच्या मुलाला 'ते खोटं असतं रे' म्हणून भागत नाही. पडदा बंद करा, जवळ घ्या, पाणी द्या, हातात आवडते खेळणे द्या. जखम रंगाने कशी रंगवतात हे सांगायचे ते दहा वर्षांच्याला.