स्टेडियम बांधायचा पैसा आणि स्टेडियम चालवायचा पैसा

'क्रीडा संकुलासाठी इतके कोटी मंजूर' अशी बातमी आली की नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी कुणीतरी हमखास विचारतं, "कोटी आले ना? मग आमच्या कॉलनीच्या मैदानावरचा बंद दिवा बदलायला पैसे नाहीत कसे?"

प्रश्न रास्त आहे, पण त्यात दोन वेगळे खिसे एकाच शर्टाला शिवले आहेत. महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक बाजू भांडवली असते, दुसरी महसुली. गॅलरी, बंदिस्त हॉल, सिंथेटिक ट्रॅक, तरणतलाव, म्हणजे जे उभं राहतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, ते भांडवली. माळी, पहारेकरी, लाइटबिल, खेळपट्टीवर मारायचं पाणी, तलावातलं क्लोरीन हे महसुली. 'घर पाहावे बांधून' असं म्हण सांगते. पुढची लाइटबिलं भरून पाहा, असं ती सांगत नाही.

बांधायला पैसा देणारे पुष्कळ. राज्य सरकारने 2022 मध्ये क्रीडा संकुलांची अनुदानमर्यादा वाढवली: तालुक्याला 5 कोटी, जिल्ह्याला 25 कोटी, विभागाला 50 कोटी. केंद्राची 'खेलो इंडिया' आहे, आमदार-खासदार निधी आहे. हा पैसा ज्या कामाच्या नावाने येतो त्याच कामाला लावावा लागतो, आणि झालेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यातून माळ्याचा पगार काढता येत नाही. शिवाय नारळ फोडायला, कोनशिलेवर नाव कोरायला हाच खर्च सोयीचा. बदललेल्या बल्बवर कुणाचं नाव कोरणार?

चालवायचा पैसा मात्र दरवर्षी नव्याने उभा करावा लागतो. घरपट्टी, जीएसटीपोटी राज्याकडून मिळणारी भरपाई, संकुलाच्या दर्शनी बाजूच्या गाळ्यांचं भाडं, खेळाडूंची फी. नाहीतर ठेकेदार नेमायचा, आणि मग तो दर ठरवणार. महाकवी कालिदास कलामंदिर या नाट्यगृहाचं उदाहरण नाशिककरांना आठवत असेल. नूतनीकरण स्मार्ट सिटीच्या पैशातून झालं, पण 2018 मध्ये वास्तू नव्याने खुली होताना भाडेवाढीवरून नाट्यकर्मी नाराज झाले. वातानुकूलन बसवायचा खर्च एकदाच होतो, ते चालवायचा खर्च प्रत्येक प्रयोगाला.

कर्ज काढून बांधलं तर गुंता वाढतो. कर्जाची रक्कम भांडवली जमेत दिसते, व्याज मात्र महसुली खर्चात जाऊन बसतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलने 1976 च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं, त्याचं कर्ज 2006 मध्ये फिटलं. तीस वर्षं! त्यासाठी तंबाखूवर खास कर होता. अन् छप्पर? ते तेवढ्या काळात पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आलं.

दोन्हींच्या सीमेवर अडकणारी गोष्टही आहे. सिंथेटिक ट्रॅक साधारण दहा वर्षांत झिजतो. तो रोज झाडणं महसुली, पण पूर्ण उखडून नवा टाकणं पुन्हा भांडवली. म्हणजे पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मंजुरी, पुन्हा निविदा. तोवर पोरं फाटलेल्या लेनवरून पळतात.

म्हणून पुढच्या वेळी 'मंजूर' वाचलं की त्याच अंदाजपत्रकात देखभाल-दुरुस्तीचं लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाची वेगळी ओळ, शोधा. बातमीत ते नसतं. पुस्तिकेत मागच्या पानांवर, बारीक टाइपात असतं.