आगकाडी, चॉकलेट आणि ‘स्टॅच्यू’

परीक्षक आगकाडी पेटवतो आणि मुलाच्या डोळ्यांसमोरून हळूहळू फिरवतो. नजर ज्योतीमागे जाते का, एवढंच बघायचं. मग पुढ्यात चॉकलेटचा तुकडा आणि तसाच लाकडाचा तुकडा. पोर कशाला हात घालतं? असे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे 30 प्रश्न. शेवटी शेवटी कंटाळणं आणि दुःखी होणं यांतला फरक विचारलाय. तिथे मोठी माणसंही अडखळतील!

मुलांची बुद्धी मोजणारी ही कसोटी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी तेओडोर सिमों यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये तयार केली. फ्रान्समध्ये 1882 पासून शिक्षण सक्तीचं होतं. वर्गात मागे पडणाऱ्या पोराला खरंच वेगळ्या मदतीची गरज आहे, की मास्तरांनी त्याला उगाच ‘ढ’ ठरवलंय, हे ओळखायचं होतं.

नुसत्या कुणाच्या समजुतीवर विसंबायचं नाही, ही सावधगिरी बिनेला एका फजितीने शिकवली होती. तरुणपणी तो सालपेत्रिएर रुग्णालयात संमोहनावर काम करायचा. लोहचुंबक शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेला की संमोहित रुग्णाची लक्षणंही बाजू बदलतात, असं त्याने छापलं. बेल्जियमचा मानसशास्त्रज्ञ देलबफ याने दाखवून दिलं की चुंबकाचा काही संबंध नाही, रुग्ण परीक्षकाच्या अपेक्षेप्रमाणे वागतात. बिनेला जाहीर कबुली द्यावी लागली. पुढे तो घरी मादलेन आणि आलीस या आपल्या दोन लेकींचंच निरीक्षण करत बसला. माझ्या मते त्याचं खरं शिक्षण इथे झालं.

1911 मध्ये, 54 व्या वर्षी तो गेला. बुद्ध्यांकाचा भागाकार (मानसिक वय भागिले खरं वय) त्याचा नव्हेच, तो 1912 मध्ये जर्मनीचा मानसशास्त्रज्ञ स्टर्न याने मांडला. मग अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टर्मनने 1916 मध्ये कसोटीला नवं रूप दिलं. मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बेतली व्ही. व्ही. कामतांनी, त्यांचं पुस्तक 1940 चं.

बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, हे ऐकलं की बिने चिडायचा. 1909 च्या पुस्तकात त्याने उपायही दिलेत. वाकडं हाड सरळ करतात तशी लक्ष देण्याची सवय लावायची, म्हणून नाव ‘मानसिक ऑर्थोपेडिक्स’. त्यात एक खेळ आहे: मास्तरांनी खूण केली की सगळ्यांनी आहे तसं थिजायचं, पुढची खूण होईपर्यंत हलायचं नाही. आपली पोरं गल्लीत खेळतात तोच ‘स्टॅच्यू’.