क्वेस्ट 2 बदलावा का? आधी लेन्सकडे बघा

ऑक्टोबर 2020मध्ये आलेला क्वेस्ट 2 हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून आभासी जगात नेणारा) अजून अनेक घरांत ठणठणीत चालतोय. त्याला पर्याय म्हणून तो बनवणाऱ्या मेटा कंपनीनेच दोन हेडसेट आणले. ऑक्टोबर 2023चा क्वेस्ट 3 आला तेव्हा 499 डॉलरना होता आणि ऑक्टोबर 2024चा क्वेस्ट 3एस 299 डॉलरना. नावात एका अक्षराचाच फरक असल्यामुळे स्वस्तातला 3एस घेणारे बरेच असतात, आणि मग ‘चित्र तर आधीसारखंच दिसतंय’ अशी तक्रार येते. ती खरीच असते. 3एसमध्ये रिझोल्यूशन क्वेस्ट 2चंच आहे, एका डोळ्याला 1832 × 1920 पिक्सेल, आणि लेन्सही त्याच फ्रेनेल (वर्तुळाकार पायऱ्यांच्या) जातीच्या. बदललाय तो प्रोसेसर, रॅम (6ऐवजी 8 जीबी) आणि बाहेरचं दाखवणारे कॅमेरे.

म्हणून पैसे काढण्याआधी एकच गोष्ट नक्की करा: तुम्हाला खटकतंय ते चित्र, वेग की डोक्यावरचं ओझं?

चित्र खटकत असेल तर आधी फुकटातले उपाय करून बघा. फ्रेनेल लेन्समध्ये स्पष्ट दिसण्याची जागा लहान असते. हेडसेट चार-पाच मिलिमीटर खाली घसरला तरी अक्षरं पुसट होतात. मागचा पट्टा कवटीच्या खालच्या उंचवट्याच्याही खाली बसवा, एखादा मजकूर समोर ठेवून हेडसेट हळूहळू वर-खाली करा, अक्षरं तीक्ष्ण झाली की तिथेच पट्टा आवळा. लेन्स कोरड्या मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे गोल पुसा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट अजिबात नको, वरचा थर खराब होतो.

मग बुबुळांमधलं अंतर मोजा. आरशासमोर उभं राहून मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून शून्याची खूण डाव्या बुबुळाच्या मध्यावर आणा, मग पट्टी न हलवता डावा मिटून उजव्या बुबुळासमोरचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी घ्या. क्वेस्ट 2च्या लेन्स 58, 63 आणि 68 मिलिमीटर अशा तीनच खाचांत बसतात: 61पर्यंत पहिली, 61 ते 66 दुसरी, त्यापुढे तिसरी. तुमचं अंतर 63च्या आसपास असेल तर प्रश्नच नाही. 60.5 किंवा 65.5 असेल तर तुम्ही दोन खाचांच्या मधोमध अडकता. डोळ्यांना सतत थोडं ओढून बघावं लागतं आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. 3एसमध्येही ह्याच तीन खाचा आहेत. क्वेस्ट 3मध्ये मात्र चाक फिरवून 58 ते 71 मिलिमीटरमधली कुठलीही जागा मिळते. डोकेदुखी हेच कारण असेल तर 3एसवर खर्च करू नका.

दोन्ही लेन्समधला फरक मुळातूनच समजून घेण्यासारखा आहे. फ्रेनेल लेन्स म्हणजे जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग कापून एकात एक वर्तुळाकार पायऱ्यांत मांडलेला. वजन घटतं, पण पायऱ्यांच्या कडांवर प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्यापासून किरण फुटल्यासारखे दिसतात, ते ह्यामुळे. क्वेस्ट 3मधली पॅनकेक लेन्स वेगळ्या युक्तीने चालते. स्क्रीनमधून निघालेला ध्रुवित (ठरावीक पद्धतीने कंपणारा) प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून जातो, पुढच्या ध्रुवक थरावरून परततो, आरशावरून पुन्हा उलटतो आणि मग डोळ्यात शिरतो. प्रकाशाचा मार्ग असा दुमडल्यामुळे हेडसेटची जाडी कमी होते आणि चित्र कडेपर्यंत स्पष्ट राहतं. किंमत उजेडात मोजावी लागते: अर्धपारदर्शक आरशाशी दोनदा गाठ पडते आणि दर वेळी निम्मा प्रकाश जातो, म्हणजे उत्तम स्थितीतही पाव हिस्साच डोळ्यापर्यंत येतो. ती तूट भरायला स्क्रीनमागचा दिवा प्रखर ठेवावा लागतो आणि बॅटरी त्यात खर्ची पडते. क्वेस्ट 3ची बॅटरी मोठी असूनही ती सव्वादोन तासांच्या आसपासच टिकते, त्यामागे हेही एक कारण आहे.

पिक्सेलची वाढ ह्या मानाने दुय्यम. क्वेस्ट 3मध्ये एका डोळ्याला 2064 × 2208 पिक्सेल, म्हणजे सुमारे 30 टक्के जास्त. दृष्टीच्या एका अंशात किती पिक्सेल मावतात हे माप जास्त उपयोगी: क्वेस्ट 2मध्ये साधारण 20, क्वेस्ट 3मध्ये 25. निरोगी डोळ्याला अंशाला 60 पिक्सेलपर्यंतचा बारकावा कळतो. तेव्हा ‘खऱ्यासारखं दिसतं’ ह्या जाहिरातीला दोन्ही हेडसेट अजून बरेच लांब आहेत.

वेग खटकत असेल तर हिशेब उलटा होतो. क्वेस्ट 2मधला स्नॅपड्रॅगन एक्सआर2 आणि नव्या दोघांतला एक्सआर2 जेन 2 ह्यांत ग्राफिक्सची क्षमता साधारण दुप्पट झालीय. काही नवे गेम जुन्यावर सुरूच होत नाहीत. 2024चा ‘बॅटमॅन: आर्कम शॅडो’ फक्त क्वेस्ट 3 आणि 3एससाठी निघाला. अशा गेमसाठीच बदल करायचा असेल तर 3एस पुरेसा आहे. एवढंच की त्याला 3.5 मिलिमीटरचा हेडफोन जॅक नाही, तो क्वेस्ट 2 आणि 3 दोघांना आहे.

गेम पीसीवरून खेळत असाल तर हेडसेटचा प्रोसेसर गेम चालवत नाही, फक्त येणारा व्हिडिओ उलगडतो. तिथली धूसरता बहुतेकदा कॉम्प्रेशनची, म्हणजे पाठवण्यासाठी व्हिडिओ दाबून लहान केल्याची असते. पीसीला राउटरशी लॅन वायरने जोडा, हेडसेट 5 गिगाहर्ट्झवर घ्या, राउटर त्याच खोलीत ठेवा. केबल वापरत असाल तर यूएसबी 3ची हवी. हेडसेटबरोबर आलेली चार्जिंगची केबल यूएसबी 2ची आहे, तिच्यावर बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) फार चढवता येत नाही.

गेममधले हात हवेत तरंगत असतील, कंट्रोलर दचकत असतील तर सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंग फ्रीक्वेन्सी बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेला सेट 60 हर्ट्झवर राहिला असेल तर भारतातल्या 50 हर्ट्झच्या दिव्यांची लुकलुक कॅमेऱ्यांना गोंधळात पाडू शकते. ते 50 करा.

ओझ्याची तक्रार असेल तर बदल करून फार काही हाती लागत नाही. क्वेस्ट 2 503 ग्रॅम, क्वेस्ट 3 515. वजन सगळं पुढे असतं, त्रास त्याचा आहे. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा घेतला तर तोल सावरतो आणि खेळायचा वेळही वाढतो.

बॅटरीचं वय तपासायला हेडसेट पूर्ण चार्ज करून अर्धा तास व्हिडिओ चालवा. नवा क्वेस्ट 2 दोन ते तीन तास चालायचा, म्हणजे 17 ते 25 टक्के उतरणं ठीक. 40 उतरले तर सेल थकलाय. तो बदलायला जवळजवळ सगळा हेडसेट खोलावा लागतो. कवच फुगलेलं दिसलं तर चार्जिंग तिथेच थांबवा.

हार्डवेअर शाबूत असलं तरी सॉफ्टवेअर हात काढून घेऊ शकतं. 2020चा एचपी रिव्हर्ब जी2 डोळ्याला 2160 × 2160 पिक्सेल देत होता, म्हणजे क्वेस्ट 2पेक्षा सरस. पण मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2023मध्ये, तो ज्यावर चालायचा ती विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी ही प्रणाली बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि विंडोज 11च्या 24एच2 आवृत्तीतून ती काढूनच टाकली. पहिल्या क्वेस्टचे सुरक्षा-अपडेटही 2024मध्ये थांबले. अशा हेडसेटवर नवी बॅटरी, नवा पट्टा असा खर्च करण्यात अर्थ नाही.

जुना विकत घेताना अंधाऱ्या खोलीत पांढरी स्क्रीन लावून दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघा. पिवळट ठिपका किंवा रेघ दिसली तर तो उन्हाचा डाग: खिडकीत ठेवलेल्या हेडसेटच्या लेन्सने सूर्यप्रकाश गोळा करून आतली स्क्रीन जाळलेली असते, आणि ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. कंट्रोलरची काडी सोडल्यावर पात्र आपोआप सरकत असेल तर तिचा सेन्सर झिजलाय. तोंडाकडच्या फोमवर सिलिकॉनचं आवरण आहे ना, तेही बघा. त्वचेच्या तक्रारींमुळे 2021मध्ये क्वेस्ट 2साठी ते मोफत दिलं गेलं होतं. स्वतःचा विकत असाल तर आधी खात्यातून हेडसेट काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, आणि कंट्रोलरमधले एए सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून संपर्कपट्ट्या खातात.