वंशावळीच्या पुस्तकात जुना नकाशा छापायचाय?

वंशावळ छापायला देताना ग्राहक हौसेने एखादा जुना नकाशा आणतात. आमचा पहिला प्रश्न असतो, हा कुठून घेतला? त्यावर उत्तर येतं, शंभर वर्षांचा आहे, आता कॉपीराइट कसला!

नकाशाचा संपलाही असेल. पण तुमच्या हातात असतं ते स्कॅन, आणि ते देणाऱ्या संग्रहाच्या अटी वेगळ्या असू शकतात. डेव्हिड रम्सी संग्रहाच्या संकेतस्थळावर लाखाहून अधिक नकाशे बघायला मोफत आहेत, परवाना मात्र बिगर-व्यावसायिक वापराचा. नात्यातल्यांना वाटायच्या प्रतींना हरकत नाही. पुस्तक विकणार असाल तर परवानगी मागावी लागेल. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने मात्र 2014 मध्ये वीस हजारांहून अधिक नकाशे कोणतंही बंधन न घालता खुले केले.

मुदतीचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत प्रकाशनाला 95 वर्षं उलटली की नकाशा सर्वांचा होतो. तिथल्या केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे तर पहिल्या दिवसापासूनच मुक्त. ब्रिटनमध्ये सरकारने प्रसिद्ध केलेल्या नकाशांचा हक्क 50 वर्षांनी संपतो, भारतात 60 वर्षांनी.

शोधाची सुरुवात 'ओल्ड मॅप्स ऑनलाइन'पासून करा. अनेक ग्रंथालयांचे नकाशे तिथे एकत्र सापडतात. गावाचं नाव टाकून काही मिळालं नाही तर हिरमुसू नका. जुन्या नकाशांवर स्पेलिंग भलतंच असतं. नाव सोडा, नदीचं वळण धरून शोधा.

पूर्वज अमेरिकेतल्या एखाद्या शहरात राहत असतील, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे बघाच. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे घरागणिक माहिती देतात: विटांचं घर गुलाबी, लाकडी घर पिवळं. पणजोबांचं घर कशाचं होतं, ते रंगावरून कळतं. आम्हाला स्वतःला याहून गोड पुरावा ठाऊक नाही.

समासातल्या तारखा नीट वाचा. मोजणी एका साली आणि छपाई बऱ्याच वर्षांनी, असं पुष्कळदा असतं. कॉपीराइट मोजताना छपाईचं साल धरायचं. घर तेव्हा तिथे होतं का, हे ठरवताना मोजणीचं.

फाइल पाठवताना ज्या पानावरून घेतली त्याची लिंक सोबत द्या. दहा इंच रुंद छापायचं तर किमान 3000 पिक्सेल लागतात. स्क्रीनशॉट कृपया पाठवू नका.