आरोपी कोण आणि टाच कशावर

माझ्या मावसबहिणीच्या दारावर जप्तीची नोटीस चिकटली, त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, "म्हणजे तुझ्यावरही केस आहे का गं?" तिच्यावर केस नव्हती, आजही नाही. नवरा ठेवी गोळा करणाऱ्या एका कंपनीत व्यवस्थापक होता. लोकांचे पैसे बुडाले आणि त्याला अटक झाली. ती शाळेत शिकवते. पण तिचा पगार नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यात जमा व्हायचा आणि ते खातं गोठलं होतं. आरोपी नाही, तरी गॅसचा सिलिंडर घ्यायला पैसे काढता येत नाहीत, ही काय भानगड आहे हे तिला कुणीच नीट सांगेना.

या दोन गोष्टींची गल्लत घरोघरी होते. गुन्हा माणसाला चिकटतो, टाच पैशाच्या मागे जाते. दोघांची वाट वेगळी, म्हणून दोघांना द्यायचं उत्तरही वेगळं.

आधी गुन्ह्याचं बोलू. फसवणूक आणि विश्वासघात यांची कलमं पूर्वी 420 आणि 406 होती. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची 318 आणि 316 लागतात. यातलं कुठलंही कलम बायको, मुलगा किंवा भाऊ या नात्यामुळे लागत नाही, त्यासाठी त्या माणसाचा स्वतःचा सहभाग दिसावा लागतो. धोका आहे तो 'नावापुरत्या' संचालकांना. "इथे सही कर" म्हटलं म्हणून सही केलेल्या कितीतरी बायका आणि सुना आपल्याकडे कंपन्यांच्या कागदांवर बसलेल्या असतात. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने 1999 साली कायदा केला. एमपीआयडी म्हणतात तो हाच. ठेवी बुडवणाऱ्या संस्थेच्या कारभाराला जबाबदार असलेल्या प्रत्येकाला त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'मला काही माहीत नव्हतं' हे खरं असलं तरी ते कोर्टात मांडावं लागतं, आपोआप सुटका होत नाही.

आणि जबाबासाठी बोलावणं आलं म्हणजे आरोपी झालो असं नव्हे. साक्षीदार म्हणूनही बोलावतात. स्त्रीला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, तिच्या घरीच जबाब घ्यावा लागतो. हे माझ्या बहिणीला कळलं तेव्हा तिच्या दोन फेऱ्या होऊन गेल्या होत्या. मला त्याचा अजून राग येतो.

आता टाच. इथे 'तू काय केलंस' हा पहिला प्रश्नच नाही. 'ही वस्तू कोणत्या पैशातून आली' हा आहे. ठेवीदारांच्या पैशातून घेतलेली मालमत्ता दुसऱ्या कुणाच्या नावावर असली तरी एमपीआयडीखाली तिच्यावर टाच येते. तेवढ्याने भागत नसेल तर प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांची स्वतःची मालमत्ताही धरता येते. ईडीच्या प्रकरणात तात्पुरती टाच 180 दिवसांची असते, त्या मुदतीत न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम केली नाही तर उठते. टाच म्हणजे सरकारजमा नव्हे, हेही घरच्यांना सांगावं लागतं. ईडीच्या तात्पुरत्या टाचेतल्या घरात राहता येतं. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. पोलिसांना तपासात बँक खातं गोठवता येतं. पण घर-जमीन ते स्वतःच्या त्या अधिकारात जप्त करू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 102 कलमाबद्दल स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात घातक चूक इथेच होते. अटकेची कुणकुण लागली की कुणीतरी शहाणा सल्ला देतो, "फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाका." बक्षीसपत्र होतं. मुलगा निरपराध असतो, पण त्याने मोबदला दिलेला नसतो. एमपीआयडीचा कायदा विचारतो की घेणाऱ्याने सद्भावनेने आणि मोबदला देऊन घेतलं का. बक्षीसपत्रात मोबदलाच नाही. म्हणजे फ्लॅट वाचत नाही, उलट काल जो फक्त मुलगा होता त्याला आज नोटीस येते.

ठेवीदार दारात येऊन उभे राहतात, त्यांचं काय? त्यांचा राग खरा आहे. कुणाचं मुलीचं लग्न अडलेलं असतं, कुणाची निवृत्तीची पुंजी गेलेली असते. पण घाबरून स्टॅम्पपेपरवर 'मी फेडीन' असं लिहून देऊ नका. बायको म्हणून जी देणेकरी नाही, ती त्या सहीने होईल. कर्जाला जामीनदार म्हणून आधीच सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कुटुंबाला मनापासून पैसे परत करायचे असतील तर ते एमपीआयडीच्या विशेष न्यायालयामार्फत द्यावेत, म्हणजे सगळ्या ठेवीदारांत न्याय्य वाटप होतं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतं आणि कोपऱ्यात उभी राहिलेली म्हातारी तशीच परत जाते.

मृत्यूनंतर काय, हेही विचारलं जातं. तुरुंगवास माणसाबरोबर संपतो. दंड आणि देणं त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतं, वारसाच्या स्वतःच्या कमाईतून नाही. बापाचं कर्ज केवळ मुलगा आहे म्हणून फेडायचं, हे हिंदू कायद्यातलं जुनं बंधन 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांना उरलेलं नाही.

बहिणीच्या वकिलांनी तिला पासबुकात पगाराची प्रत्येक नोंद हिरव्या पेनाने अधोरेखित करायला सांगितली. बारा वर्षांच्या नोंदी. शाळेकडून वेतनचिठ्ठ्या आणून तिने एकेक नोंद जुळवली. घर सासऱ्यांचं, कंपनी निघण्याच्या कितीतरी आधीचं. त्याचं 1987 चं खरेदीखत सासूबाईंनी जपून ठेवलेलं होतं, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली. टाच उठवण्यासाठी केलेल्या अर्जाला पहिला कागद तोच जोडला.