कोड आणि सोरायसिसवरचा लेझर आला कुठून?

लेझर म्हटलं की लोकांना केस काढायचा नाहीतर टॅटू पुसायचा लेझर आठवतो, त्यामुळे कोडासाठी (अंगावरचे पांढरे डाग) किंवा सोरायसिससाठी (खवलेदार जाड चट्टे) डॉक्टर 'एक्सायमर लेझर करून बघू' म्हणाले की पहिला प्रश्न येतो, कातडी जाळणार का हो? तर नाही. हा लेझर म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, फक्त एकाच तरंगलांबीचा, ३०८ नॅनोमीटर. आणि गंमत अशी की हा ३०८ आकडा कुठल्याच स्किनच्या डॉक्टरने ठरवलेला नाही, झेनॉन आणि क्लोरीन एकत्र आणून वीज सोडली की त्याच तरंगलांबीचा प्रकाश निघतो, बस.

प्रकाशाने कातडीचे आजार बरे करायची खटपट मात्र फार जुनी. आपल्याकडे आयुर्वेदात पांढऱ्या डागांवर बावची आणि ऊन, तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठची एक रानटी वनस्पती आणि ऊन, दोन्हीत सोरालेन जातीचीच द्रव्यं, म्हणजे कातडीवर प्रकाशाचा परिणाम वाढवणारी. १९४० च्या दशकात कैरोत एल मोफ्ती या डॉक्टरांनी त्यातलं शुद्ध काढलेलं द्रव्य कोडाच्या पेशंटना दिलं. १९७४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी तीच कल्पना सोरायसिसवर आणली, सोरालेनची गोळी खायची आणि दोनेक तासांनी यूव्हीए (अल्ट्राव्हायोलेटचा लांब तरंगलांबीचा भाग) दिव्यांच्या कपाटात उभं राहायचं, त्यालाच पुवा म्हणतात. गुण यायचा पण मळमळ, दिवसभर गॉगल, आणि वर्षानुवर्षं घेतलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका, तोही गोऱ्या लोकांत जास्त.

(या इतिहासात फिन्सेन या डॅनिश डॉक्टरचं १९०३ चं नोबेल हमखास घुसवतात. त्याने प्रकाशाने बरा केला तो 'ल्युपस व्हल्गॅरिस', म्हणजे कातडीचा टीबी, ऑटोइम्यून ल्युपस नव्हे, ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. त्या ऑटोइम्यून ल्युपसवाल्यांना तर उन्हापासून जपायलाच सांगतात.)

खरा टर्निंग पॉइंट माझ्या मते १९८१. पॅरिश आणि येनिके या दोघा संशोधकांनी सोरायसिसच्या चट्ट्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून बघितलं नेमका कुठला लागू पडतो, आणि कळलं की २९६ च्या खालचा प्रकाश नुसता लाल करतो, चट्टा जात नाही, काम करतो तो ३०० ते ३१३ चा पट्टा. मग फिलिप्सची ३११ च्या आसपासची ट्यूब आली, नॅरोबँड यूव्हीबी (यूव्हीएपेक्षा आखूड तरंगलांबीच्या अल्ट्राव्हायोलेटचा अरुंद पट्टा), गोळीबिळी काही नको. १९९७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी ती कोडावरही चालते हे दाखवलं.

इकडे लेझरवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. १९७० मध्ये मॉस्कोत भौतिकशास्त्रज्ञ बासोव्हच्या टीमने झेनॉनवर पहिला एक्सायमर लेझर चालवला, पुढच्या काही वर्षांत हॅलोजन (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) घातलेले प्रकार आले, त्यातलाच हा ३०८ चा. १९८१ मध्ये आयबीएममध्ये आपल्या चेन्नईचे श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३ चा एक्सायमर थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीवर मारून बघितला (खरंच!), तो इतका सफाईदार कापत होता की त्यातून पुढे चष्मा घालवायची लॅसिक आली. म्हणजे जातभाई कापणारा आणि हा ३०८ वाला न कापता काम करणारा.

३०८ नेमका त्या कामाच्या पट्ट्यात बसतो, त्याचा फायदा आधी हंगेरीतल्या सेगेदच्या डॉक्टरांनी घेतला, १९९७ मध्ये सोरायसिसवर. त्यानंतर बॉस्टनमध्ये पॅरिश यांच्याच संस्थेतल्या डॉक्टरांनी जास्त डोस देऊन बघितला. सोरायसिसचा जाड चट्टा निरोगी कातडीपेक्षा कितीतरी पट जास्त यूव्हीबी सोसतो, कपाटात उभं केलं तर आजूबाजूची चांगली कातडी भाजेल म्हणून तेवढा देता येत नाही, पण लेझर फक्त चट्ट्यावरच पडतो. २००० मध्ये अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) परवानगी मिळाली, आणि २००२ च्या अनेक केंद्रांत मिळून केलेल्या एका अभ्यासात ७२ टक्के पेशंटचे चट्टे सरासरी ६.२ सिटिंगमध्ये किमान ७५ टक्के गेले. कपाटात यासाठी वीस-पंचवीस सिटिंग तरी लागतात.

एकाच प्रकाशाने दोन इतके वेगळे आजार कसे बरे होतात? दोन्हीकडे त्रास देणाऱ्या टी पेशीच (प्रतिकारशक्तीच्या पेशी), सोरायसिसमध्ये त्या कातडी भराभर वाढवतात आणि कोडात रंग बनवणाऱ्या पेशी मारतात, यूव्हीबीने चट्ट्यातल्या या टी पेशी मरतात. कोडात अजून एक काम बाकी राहतं, रंग परत आणायचं, आणि रंगाच्या नव्या पेशी येतात केसांच्या मुळातून, म्हणून सुधारणा आधी बारीक ठिपक्यांसारखी दिसते. चेहरा, मान इथे चांगला गुण, पण बोटांची टोकं आणि ओठ जिथे केसच नाहीत तिथे मशीन कितीही महाग असलं तरी फारसं काही होत नाही, आणि हे पॅकेज विकताना सगळेच सांगतात असं नाही. अंगभर पसरलेला आजार असेल तरी हा उपयोगाचा नाही, कारण एका वेळी इवलासाच भाग होतो, तिथे जुनं नॅरोबँडचं कपाटच बरं. हल्ली ३०८ चेच एक्सायमर दिवेही मिळतात, लेझरपेक्षा स्वस्त, आणि सोबत टॅक्रोलिमसचं (कातडीतली प्रतिकारशक्ती शांत करणारं) मलम देतात.