अमेरिकी मालिकांतील उजव्या विचारांची पात्रे

अमेरिकी दूरचित्रवाणीवर उजव्या विचारांचे, बहुधा रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारे पात्र रंगवण्याचा एक साचा पन्नासहून अधिक वर्षे टिकून आहे. तो रुजवला १२ जानेवारी १९७१ रोजी सीबीएसवर सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ने. नॉर्मन लिअर यांनी ही मालिका बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’वरून बेतली. तिथला आल्फ गार्नेट ब्रिटनच्या उजव्या हुजूर पक्षाचा कट्टर पाठीराखा. इथला आर्ची बंकर (कॅरल ओकॉनर) हा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला, मालाच्या धक्क्यावरचा मुकादम आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष निक्सनचा समर्थक.

आर्चीच्या दृश्यांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. बैठकीच्या खोलीत त्याची जुनी खुर्ची. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसलेले त्याला खपत नाही. समोर त्याच्याच घरी राहणारा, कॉलेजात शिकणारा डाव्या विचारांचा जावई माइक. माइक मुद्दा मांडतो, आर्चीला उत्तर सुचत नाही, मग तो शब्दांची मोडतोड करत काहीतरी बोचरे बोलतो आणि हशा पिकतो. चित्रण प्रेक्षकांसमोर होत असल्याने हशाही खणखणीत. माणूस हास्यास्पद दिसला की त्याचे पूर्वग्रहही हास्यास्पद ठरतील, हा मालिकाकर्त्यांचा हिशेब. तो चुकला, कारण युक्तिवाद माइकच्या वाट्याला आणि चटकदार वाक्ये आर्चीच्या. प्रेक्षक हसवणाऱ्याच्या बाजूला सरकतो. नील विडमर आणि मिल्टन रोकीच यांच्या १९७४च्या अभ्यासात नेमके हेच दिसले: ज्यांचे पूर्वग्रह तीव्र होते, त्यांना माइकपेक्षा आर्चीचेच म्हणणे अधिक पटत होते.

हाच घोटाळा ‘द कोलबेअर रिपोर्ट’ या बातम्यांच्या विडंबन-कार्यक्रमाच्या (२००५–२०१४) बाबतीत पुन्हा दिसला. स्टीफन कोलबेअर उजव्या वृत्तनिवेदकाचे सोंग घेत. २००९च्या एका अभ्यासानुसार दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना ते सारखेच विनोदी वाटत. मात्र उजव्या विचारांच्या प्रेक्षकांचा कल असा, की कोलबेअर थट्टेचा आव आणून मनातलेच बोलतात.

‘फॅमिली टाइज’मध्ये (१९८२–१९८९) साचा उलटा झाला. आईवडील एकेकाळचे हिप्पी आणि टाय लावणारा, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनचा भक्त असलेला मुलगा ॲलेक्स. मालिका खरे तर आईवडिलांभोवती फिरायची होती, पण मायकेल जे. फॉक्सने ती आपल्याकडे खेचून घेतली.

करकपातीचा आग्रह, धार्मिक निष्ठा, लष्करी बाणा आणि सरकारविषयी अविश्वास हे वेगवेगळे प्रवाह एकाच माणसात कोंबणे, ही लेखकांची नेहमीची चूक. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मधल्या रॉन स्वॉन्सनला सरसकट पुराणमतवादी म्हटले जाते, तो वस्तुतः सरकारच नको म्हणणारा स्वातंत्र्यवादी आहे, आणि नोकरी मात्र सरकारी.

दुसरी चूक म्हणजे पात्राला मते देणे, पण कामधंदा न देणे. म्हणूनच ‘किंग ऑफ द हिल’मधला (१९९७पासून) हँक हिल इतका अस्सल वाटतो. टेक्सासमधला हा गृहस्थ प्रोपेन गॅस विकतो, हिरवळ निगुतीने राखतो आणि आपल्याहून निराळ्या मुलाला समजून घेताना अडखळतो. त्याचे राजकारण या सवयींतून झिरपते, भाषणांतून नाही.

प्रतिपक्षाला पूर्ण ताकद देण्याचे उत्तम उदाहरण ‘द वेस्ट विंग’ या व्हाइट हाउसवरच्या मालिकेतले सिनेटर आर्नल्ड विनिक (ॲलन अल्डा). नोव्हेंबर २००५मध्ये थेट प्रक्षेपित झालेल्या वादविवादाच्या भागात या रिपब्लिकन उमेदवाराला डेमोक्रॅटिक उमेदवाराच्या तोडीस तोड मुद्दे आणि तेवढाच वेळ मिळाला.